जुने घर विकत घेताना

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर बांधणाऱ्यास आपली जमीन, आपले चिरे आणि आपला सुतार यांची पुरती ओळख असे. आज परिस्थिती पालटली आहे. नोकरी-व्यवसायानिमित्त गाव सोडणारे किंवा निवृत्तीनंतर गावाकडे परतणारे कुटुंब बहुधा दुसऱ्याने बांधलेले, आणि पुष्कळदा दुसऱ्याच्या आजोबाने बांधलेले घर विकत घेते. अशा घराबरोबर केवळ भिंती आणि छप्पर हाती येत नाही. त्याचा मागील पन्नास-शंभर वर्षांचा इतिहासही खरेदीदाराच्या पदरी पडतो. त्या इतिहासात एखादे न झालेले वाटप, एखादे न फेडलेले कर्ज किंवा परसात राहणाऱ्या कुटुंबाचा कायदेशीर हक्क दडलेला असला, तर त्याचा भार नव्या मालकास वाहावा लागतो. आयुष्यभराची पुंजी, भविष्य निर्वाह निधीची रक्कम आणि वर वीस वर्षांचे कर्ज अशा तिहेरी बळावर घेतलेले घर न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्यास कारणीभूत व्हावे, यासारखी दुसरी आपत्ती नाही.

गोव्यात ही काळजी अधिक घ्यावी लागते. येथील जमिनीचे अभिलेख दोन राजवटींत तयार झाले. कौटुंबिक मालमत्तेचा कायदाही उर्वरित भारताहून निराळा आहे. शेजारच्या महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात घर घेतलेल्या माणसाचा अनुभव येथे अपुरा पडतो, तो याच कारणाने.

विकणारे किती?

खरेदीदाराचा पहिला प्रश्न साधारणपणे ‘किंमत किती?’ हा असतो. वास्तविक तो ‘विकणारे किती?’ असा असावयास हवा.

१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्यान्वये ती चालू ठेवण्यात आली. पुढे वारसा व वाटपविषयक तरतुदींची जागा गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, २०१२ या कायद्याने घेतली. तो २०१६ साली अंमलात आला. या व्यवस्थेचे दोन विशेष खरेदीदाराने मनावर ठसवून घ्यावेत. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती आणि पत्नी यांची मालमत्ता सामाईक होते व प्रत्येकाचा तीत निम्मा वाटा असतो. मुलगा आणि मुलगी यांचा वारसाहक्क समान असतो, आणि तो त्यांच्या धर्मावर अवलंबून नसतो. म्हणून घर एकट्या पतीच्या नावावर असले तरी पत्नीच्या सहीवाचून त्याची विक्री निर्धोक होत नाही. लग्न होऊन सासरी गेलेली बहीण ‘आता या घरची राहिली नाही’ हे म्हणणे कौटुंबिक बोलण्यात कितीही प्रचलित असले, तरी कायद्यापुढे त्यास काडीची किंमत नाही.

हे गणित प्रत्यक्ष मांडून पाहिल्याशिवाय त्याचा आवाका ध्यानी येत नाही. समजा, डिचोली तालुक्यातील एका गावात एक कौलारू घर आहे. ते बांधणारा गृहस्थ १९६८ साली व त्याची पत्नी १९८१ साली निवर्तली. त्यांस चार अपत्ये : दोन मुलगे, दोन मुली. चौघांचीही लग्ने गोव्यातील कायद्याप्रमाणे, कोणताही वेगळा करार न करता झालेली. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास एक चतुर्थांश आला, आणि तो चतुर्थांशही आपापल्या पती किंवा पत्नीसह सामाईक झाला. धाकटा मुलगा १९९५ साली वारला. त्याच्या चतुर्थांशातील अर्धा, म्हणजे संपूर्ण घराचा एक अष्टमांश, त्याच्या विधवेकडे राहिला. उरलेला अष्टमांश तीन मुलांत विभागून प्रत्येकास चोविसावा हिस्सा मिळाला. या तिघांपैकी दोघे विवाहित आहेत. आता सह्यांची मोजणी करावी. हयात तीन अपत्ये व त्यांचे जोडीदार मिळून सहा, विधवा, तिची तीन मुले व दोघांचे जोडीदार मिळून सहा, एकूण बारा. घरात राहणारा, घरपट्टी भरणारा, किल्ल्या बाळगणारा आणि इसाऱ्याची रक्कम मागणारा थोरला भाऊ हा त्या बारांतील एक होय. त्याच्या एकट्याच्या सहीने खरेदीदारास घर मिळत नाही. मिळालाच तर एक अविभक्त हिस्सा मिळतो, आणि अविभक्त हिस्सा परक्यास विकताना इतर सहहिस्सेदारांच्या अग्रहक्काचा प्रश्न उपस्थित होतो.

यावर उपाय दोन. सर्व बारा जणांनी एकाच खरेदीखतावर सह्या करणे हा पहिला. त्यासाठी वारस नेमके हेच व एवढेच आहेत हे दर्शविणारा, विशेष नोटरीसमोर झालेला उत्तराधिकाराचा लेख पाहावा. प्रत्येक वारसाचा विवाहाचा दाखला आणि मृत व्यक्तींचे मृत्यूचे दाखलेही पडताळावेत. वारसांमध्ये कोणी अज्ञान असेल तर त्याच्या हिश्श्याच्या विक्रीस न्यायालयाची परवानगी लागते. दुसरा मार्ग इन्व्हेंटरी कार्यवाहीचा, म्हणजे न्यायालयामार्फत मालमत्तेची यादी करून वारसांत रीतसर वाटप करून घेण्याचा. ही कार्यवाही पूर्वीच झालेली असेल तर काम पुष्कळ सुकर होते. मात्र तेथेही न्यायालयाचा अंतिम आदेश पाहून समाधान मानू नये. त्यातील मालमत्तेच्या यादीत हे घर समाविष्ट होते काय, आणि वाटपाच्या तक्त्यात ते कोणाच्या वाट्यास गेले, ही दोन पाने प्रत्यक्ष वाचावीत. घरांहून भाटांचेच मोल अधिक असण्याच्या काळातील अनेक याद्यांत राहते घर नमूद करावयाचे राहून गेलेले आढळते.

गोमंतकीय कुटुंबांतील कोणी ना कोणी मुंबईत, आखातात किंवा पोर्तुगाल-इंग्लंडमध्ये असतो. त्याच्या वतीने मुखत्यारपत्र पुढे केले जाते. परदेशात केलेले मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीसमोर किंवा त्या देशाच्या नोटरीसमोर रीतसर प्रमाणित झालेले असावे, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेले असावे. ते देणारी व्यक्ती हयात आहे ना, याची खात्री फोनवर किंवा पत्राने प्रत्यक्ष करून घ्यावी. मुखत्यारपत्र देणारा मरण पावला की सर्वसाधारणपणे त्याचा अंमलही संपतो. केवळ मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर घराची ‘विक्री’ करण्याची पद्धत काही शहरांत बोकाळली होती. अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला आहे.

एक-चौदाचा उतारा आणि त्यामागचे कागद

गोव्यात ग्रामीण भागातील जमिनीचा हक्कनोंदीचा उतारा नमुना १ व १४ या नावाने ओळखला जातो. बोलण्यात त्यास नुसते ‘एक-चौदा’ म्हणतात. शहरी भागात त्याच्या जागी नमुना ‘ड’ असतो आणि सर्व्हे क्रमांकाऐवजी चलता क्रमांक व पी. टी. शीट क्रमांक दिलेला असतो. हे उतारे आता संगणकावरूनही मिळतात. घर पसंत पडताच सर्वप्रथम हा उतारा व त्यासोबत सर्व्हेचा नकाशा मिळवावा. विकणाऱ्याने दिलेली जुनी झेरॉक्स प्रत पुरेशी मानू नये.

उतारा वाचण्याची एक पद्धत आहे. सामान्य माणूस कब्जेदाराचे नाव पाहतो आणि कागद मिटतो. खरा मजकूर पुढील रकान्यांत असतो. कुळाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे काय? इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा, मुंडकाराची नोंद किंवा रस्त्याचा हक्क लिहिला आहे काय? म्युटेशनचा क्रमांक दिला असेल तर ते कोणत्या दस्ताच्या आधारे झाले? क्षेत्रफळात ‘पोटखराबा’ किती धरला आहे? नकाशात दाखविलेले घर आणि जागेवर उभे असलेले घर एकाच आकाराचे आहे काय? नकाशात नसलेली पडवी, वाढविलेली खोली किंवा गोठ्याचे झालेले गेस्ट हाउस पुढे अडचणीचे मूळ होते.

येथे एक मुद्दा स्पष्ट करणे अगत्याचे आहे. हक्कनोंदीतील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, हे जमीन महसूल संहितेतील तत्त्व होय. परंतु ती नोंद म्हणजे मालकी नव्हे. सर्व्हेच्या वेळी, १९७० च्या दशकात, जो जागेवर हजर होता त्याचे नाव पुष्कळ ठिकाणी लागले. मालक मुंबईस किंवा आफ्रिकेत असला तर लागले नाही. मालकीचा शोध त्याही मागे, पोर्तुगीज काळातील जमीन नोंदणी कार्यालयाच्या पुस्तकांपर्यंत न्यावा लागतो. त्या पुस्तकांत मालमत्तेचे वर्णन एका क्रमांकाखाली असते आणि ती कोणाच्या नावे नोंदली गेली ते दुसऱ्या क्रमांकाखाली. महसुलाच्या जुन्या नोंदीस मात्रीज क्रमांक म्हणतात. हे कागद पोर्तुगीज भाषेत असल्याने अधिकृत भाषांतर करून घ्यावे, आणि जुन्या वर्णनातील चतुःसीमा आजच्या सर्व्हे क्रमांकाशी जुळतात किंवा नाही हे जाणकार वकिलाकडून तपासून घ्यावे. पूर्वेस ओहोळ व पश्चिमेस अमुक भाटकाराचे भाट एवढ्याच वर्णनावरून आजचा पोटविभाग ओळखणे हे काम वाटते तितके सोपे नाही.

जुन्या कागदांचा हा दुर्बोधपणा लबाडांच्या पथ्यावर पडला आहे. मालक परदेशी असलेल्या किंवा निर्वंश झालेल्या कुटुंबांच्या मालमत्ता खोट्या जुन्या दस्तांच्या आधारे बळकावल्याची प्रकरणे मोठ्या संख्येने उघडकीस आल्यावर २०२२ साली राज्य शासनाने पोलिसांचे विशेष तपास पथक नेमले. निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही त्याच वर्षी स्थापन झाला. या प्रकरणांत फसले ते दोघे : मूळ मालक, आणि कागद डोळ्यांखालून न घालता पैसे मोजणारा खरेदीदार. म्हणून जुना दस्त समोर आला की त्याची मूळ नोंद संबंधित निबंधकाच्या किंवा पुराभिलेख खात्याच्या दप्तरात आहे काय, हे स्वतंत्रपणे अर्ज करून पाहावे. अलीकडे एकाएकी ‘सापडलेला’ जुना दस्त आणि त्यामागोमाग घाईने झालेले म्युटेशन हा संशयाचा पहिला ठोका समजावा.

मूळ दस्त पाहावयास मागितले असता ते ‘भावाकडे आहेत’ किंवा ‘पावसात भिजले’ असे उत्तर मिळाले, तर ते बँकेकडे तारण असण्याचा संभव असतो. दुय्यम निबंधकाकडून मागील तीस वर्षांचा बोजा नसल्याचा दाखला घ्यावा. केवळ मूळ दस्त बँकेकडे ठेवून केलेल्या गहाणाची नोंद त्या दाखल्यात सापडेलच असे नाही. अशा तारणांची केंद्रीय नोंदवही आता उपलब्ध असून अल्प शुल्क भरून तीत कोणासही शोध घेता येतो.

घरात आणि परसात राहणारी माणसे

भाटकाराच्या संमतीने त्याच्या जागेत घर करून राहिलेल्या मुंडकारास १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिले. त्याला घराबाहेर काढता येत नाही. आपले घर व त्याभोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्कही कायद्याने त्यास दिला आहे. भाटकाराने जागा दुसऱ्यास विकली तरी हा हक्क बुडत नाही. नवा मालक हा त्या मुंडकाराचा नवा भाटकार ठरतो, इतकेच.

म्हणून जागेची पाहणी करताना परसाच्या टोकाशी चुलीचा धूर दिसला, तर तो कोणाचा आहे हे विचारावे, आणि ते विकणाऱ्यास न विचारता त्या घरातील माणसांनाच विचारावे. ‘ती आमची जुनी माणसे आहेत, सांगाल तेव्हा जातील’ हे दलालाचे वाक्य ठरलेले असते. पिढ्यान्‌पिढ्या त्या जागी राहिलेली, माडांना पाणी घातलेली ही माणसे व्यवहारातील अडथळा नव्हेत. कायद्याने मान्य केलेले हक्कदार होत. त्यांचा मुंडकारी हक्क नोंदला गेला आहे काय, मामलेदारांच्या कार्यालयात दावा चालू आहे काय, याची चौकशी करून त्यांच्या वाट्याची जागा वगळूनच उरलेल्या क्षेत्राचा भाव ठरवावा. तसे केल्यास खरेदीदाराचे नुकसान होत नाही आणि शेजारही चांगला लाभतो.

कुळाच्या जमिनीचा प्रश्न याहून कठीण आहे. कृषी कूळ कायद्याच्या १९७६ मधील पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाकडे मालकी आली. अशी जमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरण्यास १९९१ च्या भू-वापर नियमन कायद्याने प्रतिबंध केला आहे. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्यास विकण्यावरही २०२३ च्या कायद्याने निर्बंध घातले आहेत. तेव्हा घरासोबत ‘खालची शेती फुकट’ असे आमिष कोणी दाखविले, तर फुकट मिळणाऱ्या त्या शेतीचे कागद घराच्या कागदांपेक्षाही बारकाईने पाहावेत.

काही घरे कोमुनिदादीच्या जमिनीवर असतात. कोमुनिदाद ही गावकाऱ्यांची सामुदायिक संस्था. तिचा कारभार १९६१ च्या संहितेप्रमाणे चालतो. तिने फोर आकारून कायमच्या पट्ट्याने, म्हणजे आफोरामेंतने, दिलेल्या भूखंडावर रीतसर बांधलेले घर ही एक गोष्ट, आणि तिच्या जमिनीवर अतिक्रमण करून उभारलेले घर ही अगदी वेगळी गोष्ट. पट्ट्याचा मूळ आदेश, कब्जा दिल्याचा लेख, फोराच्या पावत्या आणि हस्तांतराची परवानगी यांपैकी एकही कागद नसेल तर व्यवहारातून मागे फिरलेले बरे.

घरपट्टीची पावती

गावोगाव एक समज दृढ आहे की पंचायतीने घर क्रमांक दिला आणि घरपट्टी घेतली म्हणजे घर कायदेशीर झाले. हा समज साफ चुकीचा आहे. घरपट्टी ही करवसुलीची पावती होय. वीजजोडणी आणि नळजोडणी यांचेही तेच. बांधकाम कायदेशीर ठरण्यासाठी जमीन रूपांतराची सनद, नगर व ग्राम नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता, पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना आणि वापरास योग्य असल्याचा भोगवटा दाखला यांची साखळी लागते. फार जुन्या, गावठाणातील घरांना यांपैकी काही कागद नसणे स्वाभाविक आहे. तेथे सर्व्हेच्या नकाशात ते घर दाखविलेले असणे हा उपयुक्त पुरावा ठरतो. परंतु १९८५ साली बांधलेल्या बंगल्यास ‘जुने घर’ म्हणून ती सवलत लागू पडत नाही. २०१६ च्या कायद्याखाली अनधिकृत बांधकाम नियमित करून घेण्यासाठी अर्ज केला आहे असे कोणी सांगितले, तर अर्जाची पोच दाखवून भागत नाही. आदेश दाखवावयास हवा.

जमीन वसाहत विभागात मोडते की बागायतीत, हे सांगणारा क्षेत्रदाखला नियोजन खात्याकडून ताजा घ्यावा. मोठ्या जमिनीचा तुकडा पाडून विक्री होत असेल तर त्या खात्याचा ना-हरकत दाखलाही लागतो. किनाऱ्यालगतच्या गावांत किनारी नियमन क्षेत्राचे बंधन आहे. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र ठरतो. भरतीचे पाणी चढणाऱ्या नदीकाठी १०० मीटर किंवा नदीची रुंदी, यांतील जे कमी असेल ते अंतर धरतात. मांडवी-जुवारीच्या काठाने आतवर गेलेल्या गावांतील लोकांस समुद्र दूर असल्याने हा नियम आपणांस लागू नाही असे वाटते. भरतीचे पाणी मात्र तेथवर जाते, आणि नियमही. खाजन जमिनीवरील बांधकामाच्या तर वाटेसही जाऊ नये.

पावसाळ्यातील एक भेट

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. घर जानेवारीत पाहून फेब्रुवारीत खरेदी करणारा मनुष्य त्या घराचा अर्धाच परिचय करून घेतो. शक्य तर जुलैमध्ये, पाऊस लागून राहिलेला असताना एकदा घरात तासभर बसावे. कौलांतून थेंब कोठे गळतात, अंगणातील पाणी घराकडे येते की घरापासून दूर जाते, विहीर काठोकाठ भरून शेजारच्या शौचखड्ड्याशी तिचा संबंध येतो काय, हे त्या तासाभरात दिसते. ते अभियंत्याच्या अहवालातही क्वचितच लिहिलेले असते.

चिऱ्याच्या भिंती भक्कम दिसतात, पण जांभा पाणी शोषतो. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत गिलावा फुगून सुटला असेल तर ओल पायातून चढते आहे असे समजावे. अशा भिंतीस नुकताच दिलेला रंग हा विक्रीसाठी दिलेला असतो. जुन्या घरांतील चिरे पुष्कळदा मातीच्या गाऱ्यात बसविलेले असतात. त्यांवर पुढे कोणी सिमेंटचा जाड गिलावा चढविला असेल तर आतील ओल कोंडून राहते. छपराचे वासे, आढे आणि भिंतीत घुसलेली तुळयांची टोके सुतारास तासणीने टोचून पाहावयास सांगावी. वाळवी मधून पोखरते आणि बाहेरून लाकूड शाबूत ठेवते. संपूर्ण छप्पर उतरवून नवे चढविण्याचा खर्च घराच्या किमतीत मिळविल्यावर ‘स्वस्त’ घर स्वस्त राहत नाही. किनारी पट्ट्यात स्लॅबच्या घरांची तऱ्हा निराळी. खारी हवा, आणि काही ठिकाणी बांधकामात वापरलेली समुद्राची वाळू, यांमुळे लोखंडी सळ्या गंजून फुगतात व छताचे पापुद्रे सळीच्या रेषेत निखळू लागतात. अशा छतास वरून गिलावा करून उपयोग नाही.

वाटेचा प्रश्नही जागेवरच सोडवावा. मोटार घरापर्यंत जाते याचा अर्थ तसा हक्क आहे असा नव्हे. शेजाऱ्याच्या सौजन्याने चालत आलेली पायवाट नव्या मालकास बंद होऊ शकते. वाटेचा हक्क दस्तात लिहिलेला असावा, रुंदीसह.

पैशाची जुळवाजुळव

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँक ३० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के रक्कम देऊ शकते. मुद्रांक व नोंदणी शुल्क सामान्यतः या किमतीत धरले जात नाही. ते, वकिलाचे शुल्क, मोजणीचा खर्च आणि दुरुस्ती हे सारे पदरचे. मुदतीचा विचार तर फारच थोडे लोक आकडे मांडून करतात. साडेआठ टक्के व्याजाने ३० लाखांचे कर्ज वीस वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये बसतो आणि व्याजापोटी सुमारे साडेबत्तीस लाख रुपये जातात. तेच कर्ज पंधरा वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे २९,५४० रुपये होतो आणि व्याज सव्वातेवीस लाखांच्या आत राहते. महिन्यास साडेतीन हजार अधिक भरून नऊ लाखांहून अधिक वाचतात. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्याबद्दल बँकेस दंड आकारता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

इसारा २०,००० रुपये वा अधिक असेल तर तो रोखीने देणे-घेणे कायद्याने वर्ज्य आहे. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर निवासी विक्रेत्यास पैसे देताना एक टक्का आयकर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी खरेदीदारावर आहे. विकणारे बारा असले तरी मर्यादा एकूण किमतीवर मोजतात. विक्रेत्यांपैकी कोणी अनिवासी असेल तर कपातीचा दर पुष्कळ जास्त असतो व पन्नास लाखांची मर्यादा लागू होत नाही. हे माहीत नसल्याने ती रक्कम पुढे दंडासह स्वतःच्या खिशातून भरण्याचा प्रसंग खरेदीदारावर येऊ शकतो.

सदनिका घेणाऱ्यांसाठी

नव्या सदनिकेच्या बाबतीत २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकास बरेच बळ दिले आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बांधकाम व्यावसायिकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष त्याने विनामूल्य दूर करावयाचे असतात. क्षेत्रफळ चटईक्षेत्र म्हणजे भिंतींच्या आतील वापराचे सांगितले पाहिजे. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत घरांच्या प्रकल्पास नोंदणीतून सूट आहे, आणि गोव्यात चार-सहा बंगल्यांचे गट विपुल आहेत. तेथे वर सांगितलेली सर्व तपासणी खरेदीदारास स्वतःच करावी लागते. जुन्या इमारतीत सदनिका घ्यावयाची असेल तर सोसायटी नोंदलेली आहे काय आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे काय, हे दोन प्रश्न पुरेत. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी मिळते.

खरेदीखत आणि त्यानंतर

सर्व तपास झाल्यावर दोन वृत्तपत्रांत जाहीर सूचना देण्याची पद्धत आहे व ती इष्ट आहे. सूचनेस हरकत न आल्याने कोणाचा हक्क नाहीसा होत नाही, पण गैरहजर वारस, धनको किंवा मुंडकार पुढे येण्याची ती एक संधी असते. साठेखत करताना पैसे कोणत्या टप्प्याने, कोणत्या कागदाच्या बदल्यात द्यावयाचे ते लिहावे. वारसाचा लेख मिळाल्याशिवाय दुसरा हप्ता नाही, मोजणी होऊन हद्दीचे दगड बसल्याशिवाय तिसरा नाही, असा क्रम ठेवल्यास विकणाराही तत्परतेने कामास लागतो. खरेदीखत सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करावे लागते. गोव्याच्या कायद्याखाली विवाह झालेल्या खरेदीदाराने पती-पत्नी या दोघांची नावे त्यात घालावीत; पुढच्या पिढीचे श्रम वाचतात.

नोंदणी होताच काम संपले असे समजून दस्त कपाटात ठेवणारे अनेक आहेत. मामलेदारांच्या कार्यालयात म्युटेशन होऊन एक-चौदाच्या उताऱ्यावर नव्या मालकाचे नाव चढेपर्यंत पाठपुरावा करावा. त्यानंतर घरपट्टी, वीज आणि पाणी यांची खाती आपल्या नावे करून घ्यावीत. घर कर्जाने घेतले असल्यास मूळ दस्त बँकेकडे जातील. देण्यापूर्वी प्रत्येक पानाची प्रत व बँकेची सहीशिक्क्याची यादी घ्यावी. कर्ज पूर्ण फिटल्यावर ते दस्त तीस दिवसांत परत करणे बँकांवर २०२३ पासून बंधनकारक असून विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. तो दिवस वीस वर्षांनी उगवणार असल्याने ही यादी कोठे ठेवली आहे ते घरातील आणखी एका माणसास सांगून ठेवावे.